ओट्याखालची लाइन

माझी सून माझ्या घरचं पाणी पीत नव्हती. लग्नाला तीन वर्षं झाली होती, तरी पीत नव्हती. माझ्या स्वयंपाकघरात तांब्याचे नऊ हंडे, चिंच लावून घासलेले, तोंड बघावं असे. आणि ही सकाळी उठून स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळणार, गार करणार, गाळणार, प्लास्टिकच्या बाटलीत भरणार आणि ती बाटली हातात घेऊन कामावर जाणार. तांबट आळीतून! लोकांच्या दारांवरून!

एका रविवारी समोरची सुलू येऊन बसली होती, तेव्हा मी विचारलंच.

"तनुजा, आमच्या पाण्यात विष कालवलंय का गं कुणी?"

"तसं नाही, आई."

"मग? तुझ्या माहेरी काय नळाला गंगा येत होती?"

सुलू पदर तोंडाला लावून हसली. तनुजा हसली नाही आणि रागावलीही नाही. तिची हीच खोड मला सोसायची नाही. भांडणाऱ्या बाईशी निदान भांडता तरी येतं.

"पाण्याला काही नाही झालेलं, पाइपाला झालंय," ती म्हणाली. "सत्तर वर्षांचा बिडाचा पाइप आहे. त्याला चिकटून गटाराची लाइन, तीही तेवढीच जुनी. आपल्याकडे पाणी दिवसाआड तासभर येतं. येतं तेव्हा भोकातून बाहेर गळतं. बंद झालं की पाइप पोकळ होतो, मग बाहेरचं आत शिरतं. पुढच्या वेळी तेच नळाला येतं."

"म्हणून तर पहिली कळशी आम्ही मोरीत ओततो. आम्हांला काय अक्कल नाही?"

"आणि दुसरीत येत नाही कशावरून?"

"दुसरी हंड्यात जाते. तांब्यात रात्रभर पाणी राहिलं की त्याचा सगळा दोष जातो. माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं."

"थोडाफार जातो, आई. सगळा नाही जात."

तीन पिढ्यांचं तिनं अशा चार शब्दांत वाटोळं केलं आणि भाजी चिरायला उठली. धनंजय, माझा मुलगा, तिथंच होता. तो आम्हां दोघींच्या मध्ये कधी पडला नाही. आमचं असं काही सुरू झालं की त्याला दुकान उघडायची आठवण व्हायची. त्या दिवशी तर रविवार होता, तरी झाली.

तनुजा नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होती. इंजिनिअर सून आणली म्हणून मीच गावभर मिरवलं होतं. ती माझ्याच दारात खड्डा काढायला येईल हे तेव्हा कुणाला ठाऊक!

आमच्या घराला ओटा होता. चौदा फूट लांब, काळ्या दगडाचा. माझे सासरे त्याच्यावर बसून हंडे ठोकायचे, मग हे ठोकायचे. हे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ओटा अर्धा आमच्या जागेत, अर्धा रस्त्यात. आळीतले सगळेच ओटे तसे. पण आमचा सर्वांत मोठा, आणि पालिकेची पाण्याची लाइन बरोबर त्याच्याखालून जात होती.

उन्हाळा सरता सरता तनुजानं त्याच ओट्यावर एक मोठा कागद पसरला. चार बाया जमल्या.

"ही पाण्याची नवीन लाइन, ही गटाराची. दोन्ही लांब लांब टाकणार. पुढची साठ-सत्तर वर्षं बघायला नको. फक्त हा ओटा काढावा लागेल."

"काढावा म्हणजे?"

"तोडावा. खाली नक्की गळती आहे. जमिनीला लावून ऐकायचं यंत्र असतं आमच्याकडे. बाकी आळीत बारीक आवाज येतो, इथं भळभळ ऐकू येतं."

मी सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"माझ्या ओट्याखाली काही नाही," मी म्हणाले. "माझा नवरा चाळीस वर्षं ह्याच्यावर बसला. त्याला नाही ऐकू आलं, तुझ्या यंत्राला आलं?"

"आई, आपलं कसंबसं निघालं. पण पुढच्या पोरांनी का हे पाणी प्यायचं? उद्या तुमची नातवंडं..."

"आधी नातवंडं दाखव," मी म्हणाले. "मग त्यांच्या पाण्याचं बघू."

चार बाया होत्या तिथं. तनुजानं कागदाची घडी केली, नीट, चारी कोपरे जुळवून, आणि आत गेली. त्या आदल्याच महिन्यात ती दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत आली होती, हे धनंजयनं मला फार नंतर सांगितलं.

खोदाई आमच्या दाराशी पोचली त्या सकाळी मी चटई टाकून ओट्यावर बसले. माझ्या शेजारी सुलू, तिच्या शेजारी बेबी आणि मागं आळीतल्या दहा-बारा जणी. मुकादम म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा, तुमच्याच घरचं आहे." तनुजा पुढं आली. डोक्यावर ते पिवळं टोपरं.

"आई, मी इथं सून म्हणून आलेली नाही."

"मग आई कशाला म्हणतेस? वच्छाकाकू म्हण. सगळी आळी म्हणते."

बाया हसल्या. तिनं खरंच म्हटलं.

"वच्छाकाकू, ओटा पालिका परत बांधून देईल."

"पालिका! पालिकेनं बांधलेली मुतारी बघ बाजारातली. दार लागत नाही तिचं. आधी ते लाव, मग माझ्या ओट्याला हात लाव."

इतकं हशा-टाळ्यांचं बोलणं माझ्या आयुष्यात दुसरं झालं नाही. पालिकेच्या निवडणुका तोंडावर होत्या. दुपारी कुणाचा तरी फोन आला आणि आमची आळी वगळून काम पुढं गेलं. नवा पाइप आळीच्या तोंडाशी आणून जुन्याला जोडून दिला. बायांनी मला पेढे भरवले.

सुलूच्या आणि माझ्या दारात आठ पावलांचं अंतर. तेव्हा आम्ही ते दिवसातून दहादा ओलांडायचो. गेल्या वीस वर्षांत एकदाही ओलांडलेलं नाही.

सुलूला एकच मुलगी, प्राजू. ती पहिल्या बाळंतपणाला पाचव्या महिन्यातच माहेरी आली होती. तिचं आणि तनुजाचं चांगलं जमलं. रोज सकाळी तनुजा कामावर जाताना दोन बाटल्या उकळलेलं पाणी समोर देऊन जायची. प्राजू तेवढंच प्यायची. मला ते दिसायचं. स्वतः नाही प्यायचं ते नाही, आता समोरच्या घरालाही शिकवायला लागली, असं मी सुलूला दोनदा ऐकवलं. सुलू म्हणाली, "जाऊ दे गं वच्छे, पोरींची हौस."

सातव्यात प्राजूचं डोहाळजेवण केलं. हिरवं लुगडं, मोगऱ्याच्या कळ्यांचे बाजूबंद, पोरगी अशी दिसत होती की दृष्ट काढावी. तीस-चाळीस बाया जेवायला होत्या, म्हणून सुलूनं माझ्याकडून दोन हंडे पाणी मागून नेलं. त्या दिवशी पाणी जरा गढूळ आलं होतं. मी पहिल्या दोन कळश्या ओतल्या आणि बाकीचं दुपदरी धोतराच्या फडक्यातून गाळून भरलं.

ठेच्यानं प्राजूला ठसका लागला. "तनुजावहिनी," ती म्हणाली, "बाटली द्या ना."

तनुजा उठली. मी तिच्या आधी उठले. हंड्यातून फुलपात्र भरलं आणि प्राजूपुढं जाऊन उभी राहिले.

"प्राजू, तू जन्मलीस तेव्हा तुला पहिली अंघोळ कुणी घातली?"

"तुम्ही, काकू."

"तुझी आई तापानं पडली होती तेव्हा दीड महिना तुला मांडीवर कुणी घेतलं?"

"तुम्हीच की."

"मग आज माझ्या हातचं पाणी चालत नाही तुला?"

"आई, नको," तनुजा म्हणाली. माझ्यावर तिनं आवाज चढवला तो तेवढाच एकदा. "प्राजू, पिऊ नको. माझं ऐक."

सगळ्या बाया बघत होत्या. प्राजूनं तनुजाकडे बघितलं, मग आईकडे. सुलू म्हणाली, "पी गं. काकूंचा मान आहे."

प्राजू प्यायली. मी दुसरं भरून दिलं. तेही प्यायली. वर म्हणाली, "गोड आहे हो काकू," आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. मी तनुजाकडे वळून बघितलं. ती दाराशी बाटली घेऊन उभी होती. मी जिंकले होते.

पाच आठवड्यांनी आळीत कावीळ आली. पहिल्यांदा बेबीचा नवरा, मग तिचा दीर, मग एका आड एक घर. अकरा माणसं. मी गाढवासारखी ठणठणीत. प्राजूला उलट्या सुरू झाल्या तेव्हा सुलू म्हणाली, दिवस भरत आले की होतं असं. तनुजानं तिचे डोळे बघितले आणि स्वतः रिक्षा आणली. तालुक्याच्या दवाखान्यातून त्यांनी तिला जिल्ह्याला हलवलं. गरोदरपणात ही कावीळ फार वाईट, असं तिथला डॉक्टर म्हणाला. दहा दिवस प्राजू शुद्धीवर नव्हती. ती वाचली. पोटातली मुलगी वाचली नाही.

"नखंसुद्धा आली होती गं," सुलूनं मला फोनवर सांगितलं. एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आळी आमच्या दारात आली. तनुजा नुकतीच कामावरून आली होती, पिशवी खांद्यालाच होती.

"तुम्ही रस्ते उकरलेत," बेबी म्हणाली, "जुने पाइप हलवलेत, म्हणून घाण शिरली. इतकी वर्षं पीत होतो, कुणाला काही झालं होतं?"

"नवी लाइन आणून जुन्याला कुणी जोडली? हिनंच ना?"

"आणि प्राजूला रोज बाटलीतलं पाणी हीच देत होती. काय असायचं त्यात कोण जाणे! स्वतःला नाही, तर..."

हे शेवटचं कोण बोललं ते मला माहीत आहे. तिचं नाव लिहीत नाही, ती आता नाही. तनुजा पांढरी पडली. तिनं माझ्याकडे बघितलं. काही मागत नव्हती, नुसतं बघितलं. डोहाळजेवणाला त्यातल्या निम्म्या बाया हजर होत्या. फुलपात्र कुणी भरलं ते त्यांनी पाहिलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. कुणालाच ते आठवत नव्हतं. मी आठवण करून द्यायची होती.

मी तांदूळ निवडत होते. मी खाली बघून खडे काढत राहिले.

आठवड्यानं पालिकेची माणसं ओटा तोडायला आली. या वेळी मी चटई टाकली नाही. दोन तासांत चौदा फूट दगड रस्त्यात येऊन पडला. छातीइतका खड्डा झाला तेव्हा असा वास सुटला की मजूर नाकाला फडकी बांधून वर आले. तनुजा बूट घालून स्वतः आत उतरली. मी दारात उभी होते. समोरच्या उंबऱ्यावर सुलू बसली होती. आदल्या दिवशीच ती कपडे न्यायला जिल्ह्याहून आली होती.

खाली काय निघणार ते त्या आळीत मला एकटीला ठाऊक होतं.

त्याच्या चौदा वर्षं आधी ओट्याच्या बुडातून पाणी झिरपायला लागलं होतं. पालिकेत कळवलं तर ओटा जाणार. हे म्हणाले, "पालिकेला कशाला? गळकं भांडं मला दुरुस्त करता येत नाही काय?" जत्रेला सगळी आळी नदीवर गेली होती. भर दुपारी ह्यांनी बाजूचे दोन दगड काढले, खाली खोदलं, गळत्या पाइपावर ताग गुंडाळला, फट बुजवायला सफेदा लावला आणि वरून जाड तांब्याचा पट्टा ठोकून बसवला. कातर मी दिली, रिवेटा मी दिल्या. माती मी ढकलली. काम इतकं देखणं झालं होतं की माती टाकताना माझाच हात जड झाला. हंड्यावर मारायचे तसा ह्यांनी त्याच्यावर आपला 'वडके' हा ठसा मारला. जमिनीखाली कोण बघणार होतं? पण मारला. नंतर कानोकान झालं आणि मागच्या बोळातल्या तिघांनी ह्यांच्याकडून तसेच पट्टे बसवून घेतले. ती तिन्ही माणसं आता गेली.

तनुजानं पाइपावरची माती हातानं पुसली. पट्टा जसाच्या तसा होता. ह्यांच्या हातोडीचे घाव मोजता आले असते. पण पट्ट्याच्या दोन्ही कडांना लोखंडच उरलं नव्हतं. वाळवी लागलेल्या लाकडासारखं ते झडून गेलं होतं, माझा हात आत गेला असता. आणि त्या भोकावर वरून फुटक्या गटाराचं काळं पाणी थेंब थेंब पडत होतं.

मुकादम वाकून म्हणाला, "मॅडम, तांबं? इथं तांबं कुणी लावलं?"

तनुजाची बोटं ठशावर होती. रोज भांडी घासणारी बाई, तिला तो ठसा वाचायला लागत नव्हता. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग मूठभर चिखल घेतला आणि ठशावर सारला.

"जुनं काम असेल पालिकेचंच," ती म्हणाली. "कापा आणि गाडीत टाका."

सुलूनं उंबऱ्यावरूनच विचारलं, "काय निघालं गं?"

"पाइप सडला होता, मावशी," तनुजा म्हणाली. "जुना होता फार."

सुलूनं मान हलवली. मी दाराची कडी धरून उभी होते. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. नाही उघडलं.

दिवेलागणीला तनुजा पाटावर कागद घेऊन अहवाल लिहीत बसली होती. तिच्या नखांत अजून ती माती होती. मी समोर जाऊन बसले.

"काय लिहिलंस?"

"पाइपाचं आयुष्य संपलं होतं. गंजून भोक पडलं."

"आणि पट्टा?"

"कसला पट्टा?"

"माझ्याशी नको, तनुजा. चिखल सारलास तो मी बघितला."

तिनं पेन खाली ठेवलं. "आई, बाबा काही वाईट करायला गेले नव्हते. आता ते नाहीत. तुम्हांला रोज सुलूमावशींच्या समोर बसायचंय. हे लिहून प्राजूला काय परत मिळणार आहे?"

"लोखंड कशानं सडलं?"

"जाऊ द्या ना."

"मी विचारते त्याचं उत्तर दे."

"ओलीत तांबं लोखंडाला टेकून राहिलं की तांब्याला काही होत नाही," ती खालच्या आवाजात म्हणाली. "लोखंड सडतं."

हे तिच्याकडून ऐकायची मला गरज नव्हती. तांबटाच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. म्हणून तर आम्ही हंड्याला लोखंडी खिळा कधी मारत नाही, कडीलासुद्धा तांब्याचीच रिवेट. ह्यांनाही ठाऊक होतं, मलाही. पण आम्ही जन्मभर आपल्या हंड्याचा विचार केला. रस्त्यातला पाइप आमचा नव्हता.

"मागच्या बोळात कधी खोदणार?" मी विचारलं.

"ते यादीत नाही. तिथला पाइप बराच नंतरचा आहे. वीस वर्षं सहज चालेल असं धरलंय."

"नाही चालणार. तिथं तीन पट्टे आहेत."

तिनं पेन परत उचललं.

"ह्यांच्याच हातचे. दोन घरांच्या दारात, आणि एक बालवाडीच्या नळाला लागून."

"बालवाडीच्या?" ती म्हणाली. "आई, तुम्ही आज... उद्या ते मी यादीत घालते. आजच फोन करते साहेबांना. पट्टे सापडले म्हणून लिहिते. अज्ञात इसमानं बसवले असं लिहिलं तरी चालतं, नाव कशाला..."

"अज्ञात इसम!"

मी तिच्यापुढचा कागद उचलला आणि फाडला. ती दचकून उभी राहिली. मीही उभी राहिले.

"नवा कागद घे. वडक्यांचा पट्टा म्हणून लिही. माती वत्सलाबाईनं ढकलली म्हणून लिही, ओट्यावर तीच बसली म्हणून लिही. पाणी कुणी पाजलं ते पालिकेच्या कागदावर मावायचं नाही, ते मी आत्ता समोर जाऊन सुलूला सांगते. आणि तुझं ऐक. मी तुला नको ते बोलले, बायांनी बोललेलं ऐकून घेतलं, तरी तू माझी अब्रू झाकलीस. सून म्हणून तू शंभर नंबरी निघालीस. पण ठशावर चिखल सारलास ना, तेव्हा इंजिनिअर म्हणून तू माझ्याइतकीच खोटी ठरलीस."